श्श हार्टिगन

आमच्या मिल लेनमध्ये डिनी हार्टिगनला त्याच्या नावाने हाक मारणारी माणसं दोनच. एक त्याची बायको नॅन्स आणि दुसरी मी, त्यांची शेजारीण. बाकी सगळ्यांना तो 'श्श'.

आमच्या लिमरिक शहरात रग्बी बघायला आलेल्या माणसाला सगळं माफ असतं. त्याने रेफरीच्या खानदानाचा उद्धार करावा, स्वतःच्या जावयाला मैदानात बघून नको ते बोलावं, कुणी काही म्हणत नाही. पण किक मारणाऱ्याने चेंडू जमिनीवर मांडला आणि गोलच्या दोन खांबांकडे बघितलं, की तोंडाला कुलूप. किक आपल्याची असो नाहीतर परक्याची. डिनी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून सामना बघत होता. अशाच एका वेळी त्याने मोठ्याने विचारलं, "सगळे गप्प का झाले?" बापाने त्याच्या पोटरीला असा चिमटा काढला की त्याचा वण अजून आहे, असं तो सांगतो. मला त्याने पोटरी दाखवली आहे. मला काही दिसलं नाही.

पण तो चिमटा आत कुठेतरी राहिला हे मात्र खरं. डिनी आधी डुकराचं मांस खारवायच्या कारखान्यात होता आणि कारखाना बंद पडल्यावर त्याने रस्ते झाडले. रग्बी तो कधी खेळला नाही. चष्म्याशिवाय त्याला चेंडू दिसतच नाही. पण आमच्या छोट्याशा क्लबच्या मैदानावर, नदीकडच्या भिंतीजवळ, त्याने जन्मभर एक काम इमानाने केलं. किकच्या वेळी कुणी कुजबुजलं की तो वळायचा, ओठांवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "श्श!" त्याने नगरसेवकाला गप्प केलं आहे. एकदा तर फादरना गप्प केलं, आणि ते प्रार्थना पुटपुटत होते.

नॅन्सला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. कोणत्या खेळाडूची आई आजारी आहे, कुणाचं लग्न मोडलं, हे तिला ठाऊक असतं. बेकरीत जन्म गेला, त्या पिठाने तिची छाती धरली. डॉक्टर म्हणाले, ओल टाळा. लिमरिकमध्ये ओल टाळायची म्हणजे लिमरिक सोडायचं. तेव्हा ती हिवाळाभर घरात बसते आणि शनिवारी तेवढी सामन्याला येते. पुढे डिनी, खांद्यावर स्वयंपाकघरातली खुर्ची. मागे नॅन्स, दर दिव्याच्या खांबाला थांबत. आणि तिच्या शेजारी मी, तिच्याइतकंच हळू चालत. ती खुर्ची भिंतीजवळ ठेवली की नॅन्सचा आठवडा सुरू होतो. दोन तास तिच्याशी सगळं गाव बोलून जातं.

यंदा आम्ही कपच्या उपांत्य फेरीत पोचलो. तसे आम्ही नेहमीच पोचतो. तिथे पोचून हरणं ही आता आमची रीतच झाली आहे. तरी या वेळी शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही एकाच गुणाने मागे होतो, आणि पेनल्टी मिळाली. किक खांबांमधून गेली की तीन गुण. किक मारायला आला ओवेन मलक्वीन, खाटकाचा पोरगा. सोपी होती हो. मी नेम धरला असता तरी गेली असती, असं नंतर गावातल्या प्रत्येकाने सांगितलं.

ओवेनने चेंडू मांडला. सगळं मैदान गप्प झालं. डिनीने सवयीने मागे एक नजर टाकली. ओवेन मागे सरकला, पळत आला, आणि नॅन्सला खोकला आला.

साधासुधा नव्हे. आठवडाभर दाबून ठेवलेला खोकला एकदमच बाहेर पडला. तिने मफलर तोंडाशी धरला, पण तोवर उशीर झाला होता. चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला. शिट्टी वाजली. हरलो.

पुढच्या रांगांतल्या माना मागे वळल्या. नॅन्सचा चेहरा राखेसारखा झाला होता. डिनीने हात वर केला.

"मी," तो म्हणाला. "माझा घसा."

मी तिथेच उभी होते. खोकला कुठून आला ते मला पक्कं ठाऊक होतं. डिनी माझ्याकडे बघत होता, तेव्हा मी माझ्या बुटांकडे बघितलं.

क्लबच्या बारमध्ये त्या संध्याकाळी कुणाला धड रागावायचीही ताकद उरली नव्हती. रागावण्यासाठी आधी आशा लागते. जो तो कोट न काढता बसला होता. कुणी वाऱ्याला दोष दिला, कुणी रेफरीला. मग पा लिडीने ग्लास खाली ठेवला. पा पूर्वी बंदरावर कामाला होता, तिथला आवाज अजून तसाच आहे.

"वारा नाही न् रेफरी नाही," तो म्हणाला. "श्शने घात केला आपला. जन्मभर आमची तोंडं शिवली आणि नेमक्या वेळी स्वतः खोकला!"

"खोकला आला, त्याला काय करू?" डिनी म्हणाला.

"गिळायचा! मी लग्नात हसू गिळलं होतं, स्वतःच्या!"

"ते तुझ्या बायकोने गिळायला हवं होतं," मी म्हटलं. चार लोक हसले, पण मनापासून नाही. मग कुणीतरी खोटं खोटं खोकलं. दुसऱ्याने साथ दिली. डिनी मान खाली घालून बिअर पीत राहिला. त्याला वाटलं, नॅन्स पलीकडे बायकांत आहे, ऐकत नाही. ती सगळं ऐकत होती.

घरी जाताना ती दिव्याच्या खांबांना थांबली नाही. एका दमात दारापर्यंत गेली आणि तिथे चौकटीला धरून उभी राहिली.

"मी आता येणार नाही," तिने सांगितलं.

"कुठे?"

"तुला ठाऊक आहे कुठे. खुर्ची आत ठेव."

आठवडाभर गावाने डिनीची पाठ सोडली नाही. पोस्टात खोकले, चर्चच्या पायरीवर खोकले. कुणीतरी त्याच्या दारात खोकल्याच्या गोळ्यांची पुडी ठेवली, वर रिबीन बांधून. डिनीने त्या गोळ्या नॅन्सला दिल्या. चांगल्या होत्या म्हणे.

गुरुवारी नॅन्स माझ्या दारात आली. "ब्रीडी, मला मलक्वीनकडे जायचंय."

"काय आणायचं ते सांग, मी आणते."

"आणायचं नाही, सांगायचंय."

दुकानात गर्दी होती, आणि रांगेत सगळ्यांत पुढे, सॉसेजकडे बोट दाखवत, पा लिडी. ओवेन काउंटरमागे होता. बिचाऱ्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. त्यालाही गावाने सोडलं नव्हतं. नॅन्स रांग मोडून पुढे गेली, काउंटरला हात टेकून श्वास घेतला आणि म्हणाली,

"ओवेन, शनिवारचा खोकला माझा होता. डिनी खोटं बोलला. तुझी किक मी घालवली."

पा लिडीचं बोट सॉसेजवरच राहिलं.

ओवेनने हात ॲप्रनला पुसले. "मिसेस हार्टिगन," तो म्हणाला, "मला काही ऐकूच आलं नाही. देवाशप्पथ. मी मान वर केली. चेंडू सुटायच्या आधी खांबांकडे बघितलं. पहिल्याच वर्गात शिकवतात, बघू नको म्हणून. मी बघितलं. खोकला सोडा, तिथे बँड वाजत असता तरी ती बाहेरच गेली असती."

"तू चांगला मुलगा आहेस," नॅन्स म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता, ते मला तिच्या पाठीवरून कळलं. चांगली मुलं असंच बोलतात.

पा लिडीने टोपी काढली होती. त्याने ती परत घातली आणि सॉसेज न घेताच बाहेर पडला. पाच्या कानावर एखादी गोष्ट गेली की संध्याकाळपर्यंत ती नदीपलीकडे पोचते.

शनिवारी साधा लीगचा सामना होता. त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. कप गेल्यावर लीग म्हणजे लग्न आटोपल्यावर भांडी घासणं. मी निघताना हार्टिगनांच्या घरात डोकावले. डिनी स्वयंपाकघरात बसला होता, त्याच खुर्चीवर. डोक्यावर टोपी, गळ्यात क्लबचा मफलर, अंगात कोट. समोर चहा गार झालेला.

"तू येत नाहीस?" मी विचारलं.

"पाय दुखतोय."

नॅन्स सिंकजवळ पाठमोरी उभी होती. मैदान त्यांच्या घरामागेच आहे, रस्त्याने तेवढा वळसा पडतो. लोकांचा आरडाओरडा भिंतीतून आत येतो. मीही टेकले तिथेच, माझे पाय काही फार चांगले नाहीत. बराच वेळ आम्ही तिघं नुसता तो गलका ऐकत होतो. आणि मग गलका थांबला.

त्या घरात शांतताही ऐकू येते. कुणीतरी किक मारत होतं. डिनीचं बोट आपोआप ओठांवर गेलं. स्वतःच्या स्वयंपाकघरात, गार चहासमोर, तो आम्हा दोघींना गप्प करत होता.

नॅन्सने ते बघितलं. हात पुसले, फडकं आपटलं.

"ऊठ," ती म्हणाली. "माझ्याच्याने हे बघवत नाही. ऊठ, खुर्ची घे."

आम्ही पोचलो तेव्हा उत्तरार्ध निम्मा झाला होता आणि रिपरिप लागली होती. भिंतीजवळची जागा रिकामी होती. गर्दी होती, पण तेवढी जागा सोडून लोक उभे होते. डिनीने खुर्ची ठेवली. पा लिडी जवळच होता. त्याने डिनीकडे बघितलं नाही, फक्त आपली छत्री नॅन्सच्या डोक्यावर धरली आणि मैदानाकडे बघून रेफरीला शिव्या देत राहिला.

आणि नशीब बघा, शेवटी पुन्हा तसंच. दोन गुणांनी मागे, पेनल्टी, ओवेन. या वेळी लांबून, कडेवरून. त्याने चेंडू मांडला. मैदान गप्प झालं. मी नॅन्सकडे बघितलं. तिने मफलर तोंडात जवळजवळ कोंबला होता, खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी. डिनी वाकला. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा तो त्या शांततेत बोलला, आणि तेही मोठ्याने.

"खोक गं बाई."

ती खोकली. पार कंबरेत वाकून, खुर्चीचे पाय करकरेपर्यंत खोकली. आणि एकही मान मागे वळली नाही. माझ्यासमोर सगळ्या ओल्या टोप्या न् लाल कान होते, पण एकानेही वळून बघितलं नाही. पा लिडीनेही नाही. पाहुण्यांच्या बाजूने कुणीतरी काहीतरी ओरडलं. ओवेन चेंडूपासून मागे उभा होता, मान खाली, हात मांड्यांवर. तो थांबला. किक ठरलेल्या वेळात मारावी लागते, पण रेफरीला घड्याळाची आठवण राहिली नसावी. नॅन्सचा शेवटचा ठसका गेला, तिने श्वास घेतला, तेव्हा कुठे ओवेन पुढे आला आणि त्याने किक मारली. मान वर केली नाही. मी नीट बघितलं.

चेंडू खांबाच्या बराच बाहेरून गेला.

लोक मुकाट्याने कॉलर वर करून निघाले. शिव्या द्यायचाही सगळ्यांना कंटाळा आला होता. नॅन्स मफलरने डोळे पुसत होती.

"गेला का रे?" तिने विचारलं.

"नाही," डिनी म्हणाला.

"म्हणजे हरलो?"

"हरलो."

तिने मफलर गळ्याभोवती नीट गुंडाळला. मग डिनीचा हात धरून उठली.

"पुढच्या शनिवारी उशी आण," ती म्हणाली. "ही खुर्ची टोचते."