शकुंतलाकाकूंच्या फर्नची वाटणी

“कायलेच हात लावू नका!” दारातून आवाज आला. मी शकुंतलाकाकूंच्या ओट्यावर बसले होते. हातात करवती सुरी, समोर कुंडी. दारात काकूंचे दोन्ही मुलगे. हेल्मेट अजून डोक्यावरच.

आदिलाबादेत माझी छोटी नर्सरी आहे. पत्रकं मीच लिहिते, मीच वाटते. काकूंना मिळालेल्या पत्रकात होतं, ‘कोंडलेल्या मुळांना मोकळं करा! फर्नची वाटणी घरी येऊन करून देऊ.’ फर्न म्हणजे सावलीतलं, झुपकेदार पानांचं झाड. त्याला फुलं येत नाहीत. वर्षानुवर्षं एकाच कुंडीत राहिलं की मुळं गच्च होतात, पाणी आत मुरत नाही, मधला भाग वाळतो. याला आम्ही रूटबाउंड म्हणतो. मग झाड बाहेर काढायचं, मुळांसकट तुकडे करायचे, वेगळ्या कुंड्यांत लावायचे. काकूंचं झाड मधून पार वाळलं होतं. आणखी एक उन्हाळा त्यानं काढला नसता.

काकूंनी सकाळी थोरल्या सुनेला फोनवर एवढंच सांगितलं होतं, “ठेव आता. वाटणीवाली येऊन राह्यली.”

थोरले दिलीपराव तहसीलमध्ये नोकरीला. म्हणाले, “वाटणी म्हणजे जमिनीची तकसीम. ती आमच्या ऑफिसात होते, ओट्यावर नाही. तुमी वकील का?”

“नाही. मी फर्नचं काम करते.”

“कोणती फर्म?”

धाकटा सुहास कॉलेजात शिकवतो. त्याचा रोख भावावर. “आई, मले काऊन नाही सांगितलं? दादानं सही घेतली का तुही?”

“सही कायची बाप्पा? झाड मरून राह्यलं माहं. पाहा ना!”

दोघांनी झाड पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. आता जातील असं मला वाटलं. पण वाटणी म्हटल्यावर कोण जातं?

मी सुरी चालवली. वाळका गाभा टाकून दिला. फर्नच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची मुळं आणि स्वतःचे कोंब लागतात. तसे तीनच निघाले. त्याहून लहान केले असते तर एकही जगला नसता.

“मोठा माह्याकडं,” दिलीपराव म्हणाले. “मी थोरला.”

“त्याच्यात कोंबही जास्त हायेत,” सुहास म्हणाला. “मॅडम, मोजा बरं.”

“हे झाड आणलं कोणी होतं?” मी विचारलं.

“सुनीतानं,” काकू म्हणाल्या. सुनीता त्यांची मुलगी, नार्नूरला दिलेली.

“मग तिचा वाटा?”

दिलीपराव म्हणाले, “सुनीता हक्क सोडून देईल.”

“फर्नवरचा?”

मी सुरी पुसून पिशवीत टाकली. “मुलीला वगळून मी वाटणी करत नाही. फर्नचीसुद्धा नाही. मुळं उघडी आहेत, ऊन ओट्यावर येतंय. लवकर ठरवा.”

काकू आधी मुळांकडे बघत राहिल्या, मग मुलांकडे. “एक वाटा माहा. एक सुनीताचा. उरला तो तुमा दोघांचा.”

“अजून कापला तर मरंल म्हणतात ना ह्या!” सुहास कळवळला.

“मंग नोका कापू. एक महिना तुह्या घरी, एक महिना त्याच्या.”

मी विरोध केला. फर्नला सारखी जागा बदललेली चालत नाही. कोणी ऐकलं नाही.

सुनीताताई पुढच्याच रविवारी आल्या आणि कुंडी मांडीवर घेऊन बसने गेल्या. हक्क वगैरे काही सोडला नाही. भावांची कुंडी दर महिन्याला स्कूटरवरून घर बदलते. ताबा देताना मला पंचनाम्याला बोलावतात. “मॅडम, हे पान आलं तवाच पिवळं होतं, सांगून ठेवतो,” सुहास मला बजावतो. आपल्या महिन्यात झाड वाळावं हे दोघांनाही नको आहे. त्यामुळे तिन्ही कुंड्यांत तीच सगळ्यात दाट झाली आहे. माझ्या शास्त्रात हे बसत नाही.

आता कामाला जाण्याआधी मी फोनवर विचारते, “घरात लेकरं किती?”

“दोन,” असं उत्तर आलं की पुन्हा विचारते, “लेकी धरून?”