अनवाणी मतदार

बनशंकरीतल्या एका शाळेत मतदानाच्या रांगेत ते माझ्यापुढे उभे होते. वय साठीचं, कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध आणि चपला काखेत. मला फोनवर आईशी मराठीत बोलताना ऐकून ते वळले आणि कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाले,

"स्वल्प ऐका हो. रबरी चपला घालून बटण दाबलं, तर मत शेजारच्या उमेदवाराला जातं. फोनवर आलंय."

"काका, हे खोटं आहे."

"ठाऊक आहे. लेकीनं कालच समजावलं. पण चपला घालून गेलो आणि मनात शंका राहिली, तर पाच वर्षं झोप कुठली?"

मग तीच बातमी त्यांनी माझ्या मागच्या बाईंना कन्नडमध्ये सांगितली, त्यातलं 'खोटं' तेवढं गाळून. बाईंनी चपला काढल्या. त्यांच्या मागच्यांनी तर कारणही विचारलं नाही. दारावरची पोलीसबाई कन्नडमध्ये ओरडली, "अहो, हे देऊळ नव्हे!"

काका मत देऊन बाहेर आले, शाईचं बोट मला दाखवलं आणि समाधानानं चपला घालून निघून गेले.

मी इंजिनिअर आहे. रबर आणि वीज मला चांगली कळते. माझी पाळी आली, तेव्हा मान ताठ ठेवून मी नुसत्या मोज्यांवर आत गेलो.