मामाच्या हातचा पहिला घास

आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात जाऊन थोडीच वर्षं झाली होती, तवाची गोष्ट. माझी शाळा दुसरीतच सुटली, तरी आठ महिन्यांच्या लेकराला नुसत्या दुधावर ठेवू न्हाई, एवढं मला कळत होतं. पण घरात माझ्यापेक्षा शहाणी माणसं. आईचं म्हणणं, पहिला घास मामाच्याच हातानं जायला पाहिजे, न्हाईतर पोर जन्मभर उपाशी राहते. म्हणून पोरगी जन्मभर उपाशी राहू नये यासाठी आम्ही तिला आत्ताच उपाशी ठेवली होती.

मामा म्हणजे माझा मेव्हणा, कोहिनूर गावचा. बारशापासून रुसलेला. आम्ही त्याला टोपी-टॉवेल दिला, साहेबांना फेटा पाहिजे होता. डोकं केवढं, ते इथं लिहीत न्हाई.

बायकोचं दूध कमी पडायलं होतं. म्हशीचं पोरीच्या पोटात ठरत नव्हतं. आम्ही जेवाय बसलो की ती आमच्या हाताकडं बघायची, प्रत्येक घासाला तोंड उघडायची. मांड्या काटकुळ्या झाल्या होत्या.

"एक फेटा बांधून या की त्याला," बायको म्हणायची.

"मी कामून जाऊ? त्याचीबी भाची हाय."

माझा मान मोठा, त्याचा मान मोठा. लहान तेवढी पोरगीच.

एका सकाळी बांगडीवाला दारात आला. कोहिनूरचाच मुसलमान, बायकोच्या बरोबरीचा. तिला बहन म्हणायचा, गल्लीतली पोरं त्याला मामू म्हणायची. बायको बांगड्या बघायच्या सोडून आत गेली. ज्वारीच्या कण्या मुगाच्या वरणात मऊ घोटल्या आणि वाटी त्याच्यापुढं ठेवली.

"भाई, हात धुवा. भाचीला घास द्या."

आई उठली. "अगं, हा कसा मामा?"

"माझ्या माहेरचा हाय का न्हाई? गावचा भाऊ तो भाऊच, हे तुम्हीच सांगता, आत्याबाई."

आई परत खाली बसली. तिच्या मनगटातल्या बांगड्या त्यानंच हात धरून भरलेल्या होत्या.

मामूनं बोटावर घास घेतला, बिस्मिल्ला म्हणाला. पोरीनं त्याचं बोट तेवढं गिळायचं ठेवलं. वाटी पुसून काढली तरी आणखी पाहिजे म्हणून रडायली.

बांगड्यांबरोबर बातमीबी कोहिनूरला गेली. दुसऱ्या दिवशी मेव्हणा हजर. हातात चांदीची वाटी, वाटीत शेवयांची खीर.

"माझ्या हक्काचा घास दुसऱ्यानं कामून दिला, दाजी?"

"हक्क कुठं गेलाय? ती आजबी खाणार हाय, उद्याबी. रोज येत जा."

त्यानं खीर भरवली. पोरीनं थुंकली आणि चुलीवरच्या कण्यांकडं हात केला. मग उरलेली खीर मेव्हण्यानंच खाल्ली, आईनं आग्रह करायच्या आधी.

जाताना वाटी ठेवून गेला. त्या चांदीच्या वाटीत आम्ही पोरीला कण्या भरवल्या. मांड्या महिन्यात भरल्या.

फेटा त्याला मी अजून दिलेला न्हाई.