बाबांच्या शनीवरचा डाग

आमचे हे चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. डोळे तपासणारे साहेब पुढच्या गार खोलीत, आणि हे मागे, काच घासायच्या यंत्रासमोर, कोपरापर्यंत पांढऱ्या भुकटीत. घरात त्यांना सगळे भिंगोजी म्हणतात. कुणाकडेही गेलो की बोलण्याआधी समोरच्याचा चष्मा उतरवतील, पुसतील, काड्या सरळ करतील आणि परत त्याच्या नाकावर ठेवतील. पहिल्या भेटीत माझ्या चष्म्याचा स्क्रू आवळून दिला होता. मी मनात म्हटलं, अगंबाई, किती काळजी! पुढे कळलं, काळजीबिळजी काही नाही, ढिला स्क्रू त्यांना बघवतच नाही.

माझे सासरे, म्हणजे बाबा, निवृत्त सुतार. बापलेकांत भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. हे दुकानातून यायचे, जेवायचे, झोपायचे. बाबा खिडकीशी बसून असायचे. एकदा जेवताना बाबा सहज म्हणाले, "शनीचं ते कडं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं." झालं! दुसऱ्याच आठवड्यात भिंगोजी एक छोटी दुर्बीण घेऊन हजर. नवशिक्यांची, तीन पायांची, सोबत दोन आयपीस. आयपीस म्हणजे डोळा लावायची काचेची नळी, बदलता येणारी.

अंधार पडल्यावर दोघं गच्चीवर गेले. मी मागून चहा घेऊन गेले तर बाबा डावा डोळा मिटून, उजवा नळीला लावून वाकलेले. "कडं आहे बरं का. पण कडेनं बघितलं तरच. सरळ बघितलं की मधे डाग येतो."

"सोबत येणारे आयपीस असेच भिकार असतात," हे म्हणाले. "चांगला आणतो."

इथून यांच्या अंगात आलं. आता बघा, चष्म्यात नंबर वाढला की काच जोरकस. सगळा जन्म त्यात गेलेला. आयपीसचं नेमकं उलटं, आकडा जितका लहान तितका ग्रह मोठा. पण हे कुणाला विचारतील तर शपथ! छातीठोकपणे बत्तीस नंबरचा मागवला आणि शनी होता त्याहून बारीक झाला. मी गच्चीवर इतकी हसले की खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, काय झालं. मग चिडून चारचा आणला. त्यात शनी मोठा, पण काळवंडलेला आणि थरथरणारा. बघायचं भोक एवढंसं की पापणी काचेला घासायची. बाबांना चष्मा काढावा लागे, आणि चष्मा काढला की सगळंच धूसर.

"डाग आहे का?"

"आहे."

मग फुंकर, मग मऊ फडकं, मग पुन्हा आकाश. असे महिने गेले. शेवटी सहाचा आला, रुंद काचेचा, चष्म्यासकट बघता येईल असा. छोट्या दुर्बिणीला याच्या पुढे झेपत नाही, एवढी अक्कल तोवर आली होती. मी डोळा लावला आणि खरं सांगते, काढवेना. स्वच्छ पिवळा गोळा, भोवती कडं, दोघांच्या मधे काळी फट. बाबा वाकले. "वा! झकास आहे रे." मग जरा थांबून, "डाग मात्र आहेच."

"मला तर नाही दिसला," मी बोलून गेले.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आयपीस जागच्या जागी हळूच फिरवला. "बाबा, डाग फिरला?"

"नाही."

डाग काचेवर असता तर काचेबरोबर फिरला असता. हे खाली बसले. "आता डावा डोळा लावा."

बाबांनी लावला. "आता नाही डाग."

गच्चीवरच्या मिणमिणत्या दिव्यातही यांचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसला.

डॉक्टरांनी बाबांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून त्याच्या मधोमध बोट ठेवलं. तिथलं गेलेलं परत येणार नव्हतं. "सुरुवातीलाच आला असतात तर बरंच वाचलं असतं," ते म्हणाले. "डाव्यावर मात्र आता लक्ष ठेवू." दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं काम करतो, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नव्हता. एका डोळ्यानं बघायची वस्तू घरात एकच होती, आणि तिच्यात बाबा पहिल्या दिवसापासून डाग सांगत होते.

तेव्हापासून हे अर्ध्या जेवणावरून उठायला लागले. "दुकानात कुणी म्हणालं पुसट दिसतं, तर मी पहिल्यांदा काय सांगतो? एक डोळा झाका! परक्या माणसाला सांगतो गं. आणि बापाला काचा पुसून देत बसलो." त्यात बाबांची वेगळीच तऱ्हा. दूधवाला येवो, इस्त्रीवाला येवो, सगळ्यांना ऐकवायचे, "माझ्या डोळ्यातला रोग आमच्या भिंगोजीनं पकडला! डॉक्टरच्या आधी!" लोक यांची पाठ थोपटायचे आणि हे चोरासारखे आत निघून जायचे. मला कीवही यायची आणि रागही. अहो, एकदाचं बोलून मोकळे व्हा ना! किती दिवस असं तोंड लपवून हिंडणार?

शेवटी एका रविवारी बोलले. बाबा खिडकीशी, मी शेंगा सोलत बसलेली. हे समोर जमिनीवर बसले. "बाबा, लोकांना सांगू नका तसं. मी पकडला नाही. आयपीस पहिल्याच दिवशी फिरवायला हवा होता. माझ्यामुळे गेला तुमचा डोळा."

बाबा हसले. "तुझ्यामुळे कसला? डाग काचेत नाही, हे मला कधीच कळलं होतं. दाढी करताना डावा डोळा मिटून बघितलं, तर आरशात मला नाकच नाही!"

हे म्हणाले, "कधी?"

"तू तो बत्तीसचा आणलास ना, तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. "बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. मग गोळ्या, औषधं, आणि तू परत आपला दुकानात. डाग होता तोवर तू रोज लवकर यायचास. माझ्या शेजारी बसायचास. हे दिसतंय का बाबा, ते दिसतंय का बाबा. इतकं तू माझ्याशी कधी बोलला होतास?"

बाबा हे कुरकुर म्हणून बोलत नव्हते. आवाजात चक्क कौतुक होतं, आणि तेच यांना सोसेना. हे सरकून बाबांच्या पायाशी बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी नुसताच येऊन बसलो असतो, तर तुम्ही सांगितलं असतं."

मला वाटलं, बाबा आता 'तसं नाही रे' म्हणतील. मी वाट पाहिली. यांनीही पाहिली.

बाबांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला, पण तसं काही ते म्हणाले नाहीत.