सुपडूअक्कांचा झोका

अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या सुपडूअक्कांनी तीस वर्षांत रेशनपासून पाण्यापर्यंत गावासाठी किती मोर्चे काढले, याची गणती नाही. पण युद्ध नको म्हणणारा मोर्चा हा पहिलाच. मुलगा नवल सीमेवर होता आणि गावातली रिकामटेकडी मंडळी टीव्हीसमोर बसून लढाईची घाई करत होती. ते पाहून अक्कांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मोर्चाला परवानगी मिळाली नाही. जमावबंदी लागली, घोषणांना मनाई झाली. अक्का एवढंच म्हणाल्या, "बरं. परवा आखाजी शे ना?"

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, खानदेशात मुराळी जातो, म्हणजे भाऊ बहिणीला सासरहून माहेरी घेऊन येतो. मग माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात. अक्कांनी यंदा झोका बांधला तो थेट पोलीस चौकीसमोरच्या कडुनिंबाला. बघता बघता दीडशे बायका जमल्या. पासष्टीच्या अक्का पदर खोचून उभ्याने झोका घेऊ लागल्या आणि सगळ्यांचं गाणं आभाळाला भिडलं, "सीमावर मुराळी धाडा वं माय, पोरेस्ले घर लई या."

फौजदार वही घेऊन धावत आले. पण सणाच्या गाण्याला कोणतं कलम लावायचं, ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी विचारलं, "अक्का, मुराळी कोणाच्या पोरांना आणायला धाडताय? आपल्याच ना?"

अक्कांनी झोका थांबवला नाही. वरूनच म्हणाल्या, "बठ्ठास्ना. आपला बी, पल्याडना बी."