वरून सोडलेला पेढा

पेढा वरून पडला. माझ्या तळहातावर. शेठनं मुकादमाला स्वतःच्या हातानं भरवला, मॅनेजरला भरवला. माझी पाळी आली तसा त्याचा हात वीतभर वरच थांबला. मी ओंजळ पुढे केली. कुणाला सांगावं लागलं नाही.

वरूडच्या एका पॅकिंग शेडमध्ये मी संत्री निवडते. ऐन हंगामात मुकादमानं कमलामावशीला सगळ्यांसमोर जातीवरून शिवी दिली. बायांनी काम थांबवलं. संत्री क्रेटमध्ये पडून, ट्रक दारात उभे. मागणी एकच. शिवी चारचौघांत दिली, माफीही चारचौघांत माग.

शेठ गोड बोलला. कोर्टकचेरी कशाला, घरचं भांडण घरातच मिटवू, म्हणाला. समेटाची समिती केली. त्याच्याकडून मॅनेजर अन् मुकादम, बायांकडून मी, कारण मी बारावी शिकलेली. ऑफिसात बसायला खुर्ची मिळाली. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या पाठी, ती मेंढी मीच.

दार लावलं. मुकादम भिंतीकडे पाहत माझ्यापाशी "चुकलं" म्हणाला. मी "ठीक आहे" म्हणाले. समेट झाला, पेढे आले. मावशीला बोलवावं, हे माझ्या मनातही आलं नाही. ऑफिसच्या काचेपलीकडेच उभी होती ती.

बाहेर येऊन मी सांगितलं, मिटलं. मावशी माझ्या हाताकडे पाहत राहिली. पेढ्याचा चुरा चिकटला होता.

"शिवी मले देल्ली, अन् माफी तू घेतली?"

एवढंच बोलली. मग क्रेटपाशी जाऊन बसली अन् मुकाट्यानं संत्री निवडू लागली. माझ्या शब्दाखातर. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेढा वरून टाकला हे शेठचं पाप. मावशीची माफी परस्पर घेतली, हे माझं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले, पण खुर्चीवर बसले नाही. म्हटलं, समेट मोडला.

शेठ हसला. "कावून? तोंड गोड झालं ना?"

"जिचं कडू केलं, तिचं कुठी झालं?"

मी त्याला सांगितलं, समेट आम्हालाही हवा आहे. पण तो शेडमध्ये होईल, सगळ्या बायांसमोर. मुकादम मावशीकडे तोंड करून बोलेल. माफ करायचं की नाही, ते मावशी ठरवेल. तोवर मी संत्र्याला हात लावणार नाही, एकटी उरले तरी. अन् ओंजळ तर पुन्हा कधीच नाही.