जाड कणांचं भरण

आईच्या पुढच्या दाताचा टवका उडाला तो ऊस सोलताना. आमच्या प्रकाशा गावाकडे ऊस सोलायला घरोघरी विळा असतो, पण हिला दातच लागायचे. तेव्हापासून ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिचं ते निम्मं हसू मला बघवेना, म्हणून मी तिला विसरवाडीला माझ्या दातांच्या दवाखान्यात बोलावलं. दवाखाना घराच्या ओसरीतच, म्हणजे माझ्या सासरीच. आमच्यात आईबाप विनाकारण लेकीच्या दारात जात नाहीत. दाताचं कारण होतं, म्हणून ती आली.

दात भरायचा मसाला म्हणजे राळ आणि तिच्यात कालवलेली काचेची पूड. पूड बारीक असली की दात छान चमकतो, पण जोर पडला की कड तुटते. कण जाड असले की मजबुती येते, मात्र भोवतालची राळ झिजून कण वर येतात आणि चकाकी जाते. मी बारीक पुडीचं भरू म्हटलं. तिने मान हलवली.

"चकाकीले काय चाटू? माले ऊस सोलता उना पाहिजे."

ऊस सोलता यावा म्हणून भरलं जाड कणांचं. घरी जाऊन बाईने तो दात पितळी तांब्यासारखा राखुंडीने घासला. भरण तुटलं नाही, पण खरखरीत झालं आणि चहाचे डाग धरून बसलं. ती पुन्हा बसने आली. मी रागावले आणि पॉलिश करून दिलं. मग हे चालूच राहिलं. पॉलिश झालं की संध्याकाळच्या गाडीपर्यंत ती पदर बाजूला सारून मनसोक्त हसायची, गप्पा मारायची. लेकीकडे जेवायचं नाही म्हणून भाकरी मात्र घरून बांधून आणायची.

पुढे अगदी बारीक आणि जाड कण एकत्र केलेला नवा मसाला मिळायला लागला. ताकदही आणि चकाकीही. मी हौसेने तिला सांगितलं, की हा भरला की सारखं घासून घ्यायला यावं लागणार नाही. ती खुर्चीत उठून बसली.

"मंग मी तुन्हाकडे कसाले येसू?"

मी नवा मसाला कपाटात ठेवला आणि जुन्याच भरणाला पॉलिश केलं.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली. दुपारी, ती यायची ती नंदुरबारची गाडी थांबली की अजून माझं लक्ष दाराकडे जातं. तिची फार आठवण येते. आता मी सगळ्यांना नवाच मसाला भरते. पेशंट निघताना विचारतात, परत कधी यायचं? आता बरीच वर्षं यायला नको, असं मी सांगते.